थायलेरिया परजीवीचे पेशीविज्ञान

थायलेरिया ॲन्युलाटा हा गोचिडीच्या लाळेतून गुरांच्या शरीरात शिरणारा एकपेशीय परजीवी असून तो गायीच्या पांढऱ्या पेशींना कर्करोगपेशींसारखे अखंड विभाजन करायला लावतो. त्याच्यामुळे होणाऱ्या रोगाला पशुपालक ‘गोचीड ताप’ म्हणतात. परजीवीचे पहिले वर्णन १९०४ मध्ये झाले, तर त्याच्या ‘थायलेरिया’ या प्रजातीला पुढे पशुवैद्यक अर्नोल्ड थायलर यांचे नाव मिळाले.

दुधासाठी पाळल्या जाणाऱ्या होल्स्टिन व जर्सी संकरित गायींना हा रोग तीव्र होतो. खिल्लारसारखी देशी जनावरे त्याला बरीच दाद देत नाहीत. गंगावेशीच्या कट्ट्यावर ज्यांचे धारोष्ण दूध पिण्याची कोल्हापूरकरांना सवय आहे त्या म्हशींनाही तो सहसा सौम्य होतो, मात्र त्या परजीवीच्या वाहक राहू शकतात. दुधातून किंवा संपर्कातून हा रोग माणसाला होत नाही.

हायलोमा प्रजातीची गोचीड गोठ्याच्या भिंतींच्या फटींत दडून राहते. तिची डिंभ (अंड्यातून निघालेल्या पिल्लाची) अवस्था किंवा त्यापुढची अपक्व अवस्था बाधित जनावराचे रक्त पिते आणि कात टाकून पुढच्या अवस्थेत गेल्यावर तीच गोचीड दुसऱ्या जनावरात परजीवी सोडते. अंड्यांतून मात्र तो पुढच्या पिढीत जात नाही. म्हणून केवळ जनावरावर औषध फवारून भागत नाही, भिंतींच्या फटीही बुजवाव्या लागतात.

परजीवीचे खरे वैशिष्ट्य पेशीच्या आत आहे. हिवतापाचा परजीवी यजमान पेशीत शिरल्यावर स्वतःभोवती पटलाची पोकळी राखून राहतो. थायलेरिया ती पोकळी काही मिनिटांतच विरघळवून पेशीद्रवात मोकळा होतो आणि यजमानाच्या सूक्ष्मनलिका (पेशीच्या सांगाड्यातले बारीक धागे) स्वतःभोवती गोळा करतो. पुढे तो अनेक केंद्रके असलेल्या शायझोन्ट अवस्थेत जातो. यजमान पेशी विभागू लागली, की हा शायझोन्ट तिच्या विभाजन-तर्कूला (गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणाऱ्या सूक्ष्मनलिकांच्या रचनेला) चिकटतो आणि पेशीबरोबर स्वतःही दुभंगून दोन्ही कन्यापेशींत पोहोचतो. पेशीतून बाहेर पडून नवी पेशी शोधण्याची जोखीम त्यामुळे टळते, शिवाय प्रतिकारयंत्रणेपुढे उघडे पडावे लागत नाही.

हे चित्र पूर्ण व्हायला अनेक संशोधकांच्या कारकिर्दी खर्ची पडल्या. १९४५ मध्ये हा परजीवी प्रयोगशाळेतील पेशीसंवर्धनात वाढवता आला. १९६४ मध्ये हुलिगर आणि सहकाऱ्यांनी परजीवीचे गुणन यजमान पेशीच्या विभाजनाशी जोडलेले असल्याचे दाखवले, पण तो हे नेमके कोणत्या रेणूंच्या आधारे साधतो हे कळायला आणखी कित्येक दशके गेली. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातील डर्क डोबलार यांनी आपल्या संशोधनाचा मोठा भाग याच परजीवींना वाहिला. त्यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले की शायझोन्टच्या पृष्ठभागावर यजमानाचे आयकेके एन्झाइमसंकुल गोळा होऊन एनएफ-कप्पा-बी हा पेशीला जगवणारा संदेशमार्ग सतत चालू राहतो, त्यामुळे पेशी मरत नाही. २०१० मध्ये त्याच गटाला आढळले की विभाजनाचे नियमन करणारे पीएलके-१ हे यजमानाचेच एन्झाइम परजीवी स्वतःच्या पृष्ठभागावर खेचतो. मधल्या काळात, २००५ मध्ये, परजीवीच्या जीनोमचा, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखड्याचा, क्रम प्रसिद्ध झाला. चार गुणसूत्रांवर सुमारे ३,८०० जनुके एवढाच त्याचा पसारा, म्हणजे परजीवी लहान असून बरेचसे काम यजमानाच्या यंत्रणेकडून करून घेतो.

या पेशीय वर्तनाचा पडताळा दवाखान्यातही येतो. ताप १०४ ते १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो, खांद्यापुढची लसिकागाठ सुजते आणि दूध एकदम उतरते. पशुवैद्य गाठीत सुई घालून काढलेला थेंब काचपट्टीवर पसरवून त्याला गिम्सा रंग देतात. तेव्हा निळसर पेशीद्रवात जांभळ्या ठिपक्यांचा पुंज दिसतो, त्याला कॉखचे निळे पिंड म्हणतात. परजीवीची पुढची अवस्था लाल पेशींत जाते आणि त्यामुळे पंडुरोग होऊन डोळ्यांची श्लेष्मल त्वचा फिकी पडते.

ब्युपार्व्हाक्वोन हे औषध परजीवीच्या सायटोक्रोम बी या ऊर्जानिर्मितीतल्या प्रथिनावर काम करते. शायझोन्ट मेला, की यजमान पेशीचे बेबंद विभाजनही थांबते. कर्करोगाच्या अभ्यासकांना या परजीवीत रस वाटतो तो याच उलट फिरणाऱ्या बदलामुळे. मात्र उशीर झाला, तर औषध उपयोगी पडत नाही.

भारतात वापरली जाणारी प्रतिबंधक लस संवर्धनात दुर्बळ केलेल्या शायझोन्टयुक्त पेशींचीच असते. त्या जिवंत राहाव्या म्हणून लस द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते. कृत्रिम रेतनाच्या नळ्या ज्या भांड्यांतून गावोगाव जातात तशाच भांड्यांतून ती न्यावी लागते, आणि साखळी कुठे तुटली तर कुपीत निकामी पेशी उरतात.