मशीन लावलं तरी घोरणं का ऐकू येतं?

"भावजी, मशीन लावून पाच रात्री झाल्या, आणि हे अजून घोरूनच राहिलेत." इंदूरच्या रामबागेतून वहिनींचा फोन आला तेव्हा सकाळचे सहाही वाजले नव्हते. एवढे पैसे पाण्यात गेले की काय, ही धास्ती आवाजात जाणवत होती. दादाने तर यंत्र परत करायचं मनाशी पक्कंच केलं होतं.

मी त्यांना सांगितलं, तेच इथे सांगतो. सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं हे यंत्र, सुरू केल्यावर घोरणं ऐकू आलं म्हणून ते बंद करू नका. आवाज किती वाजता येतो आणि नक्की कुठून येतो, एवढं आधी टिपून ठेवा. झोपलेल्या माणसाला स्वतःला यातलं काहीच कळत नाही, त्यामुळे शेजारी जागणाऱ्याचे कान इथे फार मोलाचे असतात. वहिनींनी दुधाच्या हिशेबाची वही मागच्या पानापासून उघडली आणि वेळा लिहायला सुरुवात केली.

मुळात घोरणं म्हणजे काय? नाकाला हाडाची चौकट आहे, श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या आहेत. मधला घसा मात्र मऊ. टाळूचा मागचा भाग, पडजीभ, जिभेचं मूळ, हे सगळं जागेपणी स्नायूंनी ताणून धरलेलं असतं. झोपेत स्नायू सैलावतात. श्वास ओढला की घशाच्या भिंती आत खेचल्या जातात आणि अरुंद वाटेने हवा जोरात निघाली की हे मऊ पडदे फडफडतात. तो आवाज म्हणजे घोरणं. वाट पूर्ण मिटली तर आवाजही थांबतो. अशी शांतता १० सेकंद किंवा त्याहून जास्त टिकली की त्याला अ‍ॅप्निया म्हणतात. वहिनींना खरी भीती वाटायची ती याच शांततेची. तपासणीत दादाचा श्वास तासाला सरासरी ३८ वेळा पूर्ण किंवा अर्धवट अडत होता. हा आकडा ५ च्या आत हवा, आणि ३० च्या वर गेला की आजार तीव्र समजतात.

सीपॅप नाकावाटे हवेचा सतत दाब देऊन ही वाट आतून उघडी धरतं. यंत्रावर ४ ते २० असे आकडे असतात, ते सेंटिमीटर पाण्याचे. पाण्याच्या उंच भांड्यात नळी १० सेंटिमीटर बुडवून फुंका. खालच्या टोकातून पहिला बुडबुडा सुटायला जेवढा जोर लागतो, तेवढा दाब म्हणजे १०. वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का! पण हा दाब वाढवत नेताना साधारणपणे आधी श्वास पूर्ण थांबणं जातं, मग अर्धवट अडणं, आणि घोरणं बरेचदा शेवटी. म्हणून घोरणं उरलं असेल, तर उपचार फसला असं नव्हे. दाब थोडासाच कमी पडत असेल.

वहीतली पहिली नोंद रोजची होती, ११.२० च्या आसपास. दादा अकराला आडवा होतो आणि पाच मिनिटांत झोपतो. यंत्रात मात्र रॅम्प लावलेला होता, म्हणजे दाब ४ पासून सुरू होऊन ४५ मिनिटांत हळूहळू वाढणार. झोप न येणाऱ्याला ही सोय बरी. दादाचा घसा मात्र दाब पुरेसा चढायच्या आतच मिटायला लागायचा.

दुसरी नोंद पहाटे साडेतीनची. वहिनींनी टॉर्च लावून पाहिलं तर दादा उताणा, तोंड उघडं. हात ओठांपाशी नेला तर तळव्याला हवेचा झोत लागला. मास्क फक्त नाकाचा, त्यामुळे आत आलेला दाब तोंडावाटे निघून जात होता. उठल्यावर तोंडाला कोरड पडायची ती यामुळेच. नाक चोंदलेलं असलं की तोंड उघडतंच, म्हणून आधी नाकाचा उपचार. तरी भागलं नाही, तर नाकतोंड दोन्ही झाकणारा मास्क.

गळती मास्कच्या कडेनेही होते, आणि हे दुखणं जुनं आहे. कॉलिन सलिव्हन यांनी सिडनीत हा उपचार शोधला आणि १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांवरचा अनुभव छापला. सुरुवातीला नाकाचा साचा घेऊन मास्क बनवत आणि रोज रात्री तो चिकटवत. आता सिलिकॉनची मऊ उशी असते. दादा थंडीत झोपताना चेहऱ्याला खोबरेल लावायचा, त्यावरून ती सरकायची. मग तो पट्टे आणखी आवळायचा. आवळल्याने उशीला सुरकुत्या पडतात आणि गळती वाढते. पट्टे बसवायचे ते आडवं होऊन, हवा चालू ठेवून. एक काळजी घ्या: मास्कच्या पुढच्या बारीक छिद्रांतून येणारी हवा ही गळती नाही. उच्छ्वास बाहेर जायची ती वाट आहे, ती कधीही बुजवू नका.

पहाटे पाचची नोंद मला सगळ्यात आवडली: "गुडगुड, हुक्क्यासारखी." ते घोरणं नव्हतंच. जानेवारीतली इंदूरची थंडी, आणि यंत्रातून येणारी कोमट, दमट हवा. गार नळीत वाफेचं पाणी झालं, नळीच्या खोलगट वळणात साठलं, आणि हवा त्यातून बुडबुडत होती. नळी रजईखालून घेतली आणि यंत्रातली आर्द्रता एक घर कमी केली, गुडगुड थांबली.

दाबाचं मात्र घरी काही करायचं नसतं. उगीच वाढवला तर गळती वाढते, आणि काहींच्या बाबतीत मेंदूकडून येणारा श्वासाचा इशाराच अधूनमधून थांबतो. दादा वही आणि यंत्रातलं कार्ड दोन्ही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेला. कार्डावर गळतीचा आलेख साडेतीनलाच उंचावलेला होता. डॉक्टरांनी रॅम्प बंद केला, सुरुवातीचा दाब ४ वरून ७ केला आणि मास्क बदलून दिला.

परवा वहिनींच्या वहीत आठवड्याची एकच नोंद होती. लग्नाहून उशिरा आल्यावर दादा तसाच उताणा झोपला होता, त्या रात्रीची. वहिनींनी खांद्याला धरून कुशीवर वळवलं आणि पुढे लिहिलं, "२.१०, थांबलं."