रुबाब वेगळा, मोकळीक वेगळी: आर्ची, सुलभा आणि पूजा

नागराज मंजुळेंचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ला लागला. आर्ची बुलेटवर बसून कॉलेजात आली की थिएटरात शिट्ट्या, ट्रॅक्टरवर दिसली की आणखी शिट्ट्या. बाहेर पडताना मात्र एक तक्रार हमखास कानावर यायची: पहिला अर्धा भाग झकास, इंटरव्हलनंतर रेंगाळतो. मला ही तक्रार फार बोलकी वाटते. इंटरव्हलनंतर आर्चीची बुलेट गेलेली असते, आणि बुलेटसोबत आपल्याला तिच्यात जे 'खमकं' वाटत होतं तेही गेल्यासारखं वाटतं. ते खरंच गेलं का, याचं उत्तर द्यायचं तर 'कणखर बाई' म्हणताना आपण ज्या दोन गोष्टींची गल्लत करतो त्या आधी वेगळ्या कराव्या लागतात.

एक रुबाब, दुसरी मोकळीक. रुबाब घराकडून येतो: जमीन, जात, वडिलांचं राजकारण, गावात असलेला दरारा. मोकळीक म्हणजे बाई म्हणून जे वागणं ठरवून दिलंय त्यातून सुटणं: कुणावर प्रेम करायचं, कुठे राहायचं, चूल कुणी पेटवायची, हे स्वतः ठरवता येणं. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. मान ताठ, आवाज चढा, नजर सरळ. म्हणून तर फसायला होतं.

आर्ची पाटलाची पोर. करमाळ्याच्या बाजूचा तो सगळा मुलूख, उसाची शेतं, विहीर, आणि राजकारणात वजन असलेले वडील, तात्या. ती विहिरीवरच्या पोरांना दरडावते आणि पोरं निमूट बाहेर पडतात. आता ती पोरं कोण आहेत ते बघा. त्यातला परश्या, ज्याच्यावर पुढे आर्चीचा जीव जडतो, मासेमारी करणाऱ्या घरातला. आर्चीच्या जागी एखादी कोळ्याची मुलगी तशीच दरडावली असती तर पोरं हसली असती. रुबाबाला कुणीतरी खालचं लागतं, ही त्याची एक खूण.

दुसरी खूण म्हणजे तो परत घेता येतो, आणि ही बघायला आर्चीचा भाऊ प्रिन्स सोबत ठेवावा लागतो. एकच घर, एकच सत्ता. प्रिन्स भर वर्गात शिक्षकाच्या कानाखाली वाजवतो आणि त्याचं काहीही वाकडं होत नाही. बहीण बुलेट चालवते, हसते, टोमणे मारते, तोवर घरात कुणाला अडचण नसते. खालच्या जातीच्या मुलाचा हात धरल्यावर मात्र त्याच घरासाठी ती मुलगी उरत नाही, इज्जत होते. भावाच्या रुबाबाला अट नव्हती. तिच्या रुबाबाला पहिल्या दिवसापासून होती, फक्त तिला कुणी सांगितली नव्हती.

पोलीस ठाण्यातला प्रसंग मला म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तात्यांनी दबाव आणून परश्या आणि त्याच्या मित्रांवर सामूहिक बलात्काराची खोटी तक्रार लिहवून घेतलेली असते. आर्चीला कळतं तेव्हा ती ते कागद फाडते, पोरांना सोडा म्हणून भांडते. पोरं सुटतातही. ठाण्यात एवढा आवाज चढवायचं धाडस तिच्या अंगात कुठून आलं? तात्यांच्या घरातूनच. खालच्या वस्तीतली मुलगी ठाण्यात तशी वागली असती तर काय झालं असतं, ते सांगायला नको. रुबाब इथे तिच्या कामी आला, तेही वडिलांच्याच विरोधात. पण ठाण्याबाहेर तात्यांची माणसं उभी होती आणि त्यांनी तिला उचलून नेलं. पुढे तिला बंदूकच हातात घ्यावी लागते.

मग दोघं पळून जातात ते हैदराबादला. झोपडपट्टीतली एक खोली, पैसे नाहीत, भाषा कळत नाही. आर्ची रडते, चिडते, तिला आई आठवते. आसरा देणाऱ्या सुमनअक्काच्या गाडीवर परश्या डोसे करायला लागतो आणि आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला जाते, हळूहळू तेलुगू शिकते. तव्यापाशी परश्या आणि पगारावर आर्ची. पाटलाच्या वाड्यात हे सात जन्मांत झालं नसतं. शिट्ट्या इथे वाजत नाहीत, कारण इथे दिसायला दिमाखदार असं काहीच नाही. सकाळी उठून कामावर जाणं आहे आणि महिनाअखेर हातात पडणारे पैसे आहेत. माझ्या मते आर्चीला मोकळीक मिळायला सुरुवात होते ती इथे.

आणि ती फुकट मिळत नाही. आर्ची कामावरच्या एका माणसाशी मोकळेपणानं बोलते म्हणून परश्याला संशय येतो, तो तिच्यावर हात उचलतो. ज्याच्याकडे ना जमीन, ना जात, त्या मुलालाही एक सत्ता आयती मिळालेली असते: नवरेपणाची. आर्ची निघून जाते. मग परत येते, पण या खेपेला तिला कुणी उचलून आणलेलं नसतं. नागराज मंजुळेंनी परश्याला साळसूद ठेवलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. २०१८ला आलेल्या हिंदी 'धडक'मध्ये हीच गोष्ट उदयपूरच्या राजघराण्यात नेली, हवेली आणि पेहराव वाढले आणि जात पुसट झाली. जात पुसट झाली की नायिकेचा रुबाब नुसता स्वभाव वाटायला लागतो.

१९८२चा जब्बार पटेलांचा 'उंबरठा' याच्या उलट बाजूनं येतो. सुलभा महाजन सुखवस्तू घरातली सून, नवरा वकील. स्मिता पाटील यांनी केलेली सुलभा कुणावर दरडावत नाही. तिला एवढंच हवंय की शिक्षणाचा उपयोग व्हावा, म्हणून ती संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षिकेची नोकरी धरते. घरच्यांचं म्हणणं मोठं मासलेवाईक आहे: समाजकार्यच करायचं ना, मग इथेच राहून कर की! म्हणजे समाजकार्याला ना नाही, ते घराला शोभतंसुद्धा. नोकरीला, दूर जाऊन एकटं राहण्याला ना आहे. रुबाबाची परवानगी आहे, मोकळीक तेवढी मागू नकोस.

तरी सुलभा जाऊ शकते, कारण मुलीला सांभाळायला घरात जाऊबाई आहे. हे विसरायचं नाही. उंबरठा ओलांडायला आतून कुणीतरी दार धरून ठेवावं लागतं आणि तशी सोय सगळ्या घरांत नसते. शिवाय आश्रमात पोचल्यावर तिची पायरी बदलते. तिथल्या बायकांना घर नाही, नवऱ्यानं टाकलेल्या, फसवलेल्या, पळून आलेल्या. त्यांच्यासाठी ती 'बाई', म्हणजे साहेब. आश्रमाच्या समितीपुढे ती नोकर. एकाच दिवसात ती वरचीही आहे आणि खालचीही. त्या बायकांना न्याय देता देता ती एकटी पडते, राजीनामा देते, घरी परतते. घरी नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. सुलभा पुन्हा निघते, आणि या वेळी तिच्यामागे दार धरून कुणी उभं नसतं.

त्याच वर्षीच्या महेश भट यांच्या 'अर्थ'मध्ये या दोन गोष्टी दोन बायकांत वाटून दिल्या आहेत. पूजाचा नवरा दुसरीच्या प्रेमात पडतो. पूजा घर सोडते, नोकरदार महिलांच्या वसतिगृहात जाते, आणि शेवटी परत येऊ पाहणारा नवरा आणि लग्नाची मागणी घालणारा मित्र, दोघांनाही नाही म्हणते. तिच्याकडे घरकाम करणाऱ्या बाईचाही नवरा बाहेरख्याली, वर दारुडा, मारझोड करणारा. रोहिणी हट्टंगडींनी ही बाई अशी उभी केली आहे की पूजाची कहाणी विसरायला व्हावं. ती घर सोडून कुठे जाणार? ती राबते आणि मुलीच्या शाळेसाठी पैसे साठवते. नवरा ते पैसे चोरतो, ती त्याला मारून टाकते आणि तुरुंगात जाते. तिची मुलगी पूजा सांभाळते.

मला हा शेवट आवडतो आणि खुपतोही. पूजाच्या वाट्याला मोकळीक आली, मोलकरणीच्या वाट्याला गजाआड. तीच तडफ, तेच दुःख, पण एकीच्या हाती शिक्षण आणि ओळखी होत्या, दुसरीच्या हाती जे सापडलं ते.

रुबाब अजिबात नसलेली नायिका मराठीला फार आधी भेटली आहे. १९३७च्या प्रभातच्या 'कुंकू'त शांता आपटेंची नीरा पोरकी आहे, मामानं तिला म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलंय. पाठीशी घर नाही, पैसा नाही. तरी ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते. (ही मुलगी मध्येच लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, ते आजही ऐकण्यासारखं आहे.) दरडावायला तिच्या खाली कुणीच नसताना तिचा तो 'नाही' कणखर वाटतो.

पुन्हा 'सैराट'च्या शेवटाकडे. हैदराबादचं घर आता बरं झालंय, लहान मुलगा आहे. आर्ची दारापुढे रांगोळी काढत असते. मध्ये कधीतरी तिनं आईला फोन केलेला असतो. समोर बघते तर प्रिन्स आणि माहेरची माणसं, आईनं पाठवलेल्या वस्तू घेऊन. ती खुश होते, त्यांना घरात घेते, चहा होतो.