सोलापूरची लोकसंख्या : 44 टक्क्यांच्या वाढीमागची हद्दवाढ

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे. 2021 ची गणना कोरोनामुळे लांबली आणि पुढेही होऊ शकली नाही. त्यामुळे सोलापूर शहराला पाणी किती लागेल इथपासून रस्ते कुठवर न्यावेत इथपर्यंतची चर्चा अजूनही 2011 च्या 9 लाख 51 हजार 558 या आकड्यापासूनच सुरू होते. हा आकडा नीट समजून घ्यायचा तर त्याच्या मागचे दोन आकडे सोबत ठेवावे लागतात.

1991 मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे 6 लाख 4 हजार होती, ती 2001 मध्ये सुमारे 8 लाख 72 हजार भरली. दशकभरातली ही सुमारे 44 टक्क्यांची वाढ शहराच्या भरभराटीचा पुरावा म्हणून पुढे केली जाते, आणि तसे करणे चुकीचे आहे. मधल्या काळात, 1992 मध्ये, शहराची हद्द सुमारे 33 चौरस किलोमीटरवरून 178.57 चौरस किलोमीटरवर नेण्यात आली आणि बाळे, शेळगी, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी यांसारखी गावे एका निर्णयाने शहरात आली. 1991 च्या प्रगणकाने मजरेवाडीतल्या ज्या घराच्या चौकटीवर क्रमांक टाकून त्यातली माणसे गावाच्या खात्यात लिहिली, त्याच घरातली तीच माणसे दहा वर्षांनी शहराच्या खात्यात मोजली गेली. वाढीचा मोठा भाग असा आला. उरलेला जन्माचा आणि स्थलांतराचा.

त्या निर्णयावरचा वाद अजून मिटलेला नाही. जुन्या हद्दीत घरांना जागा उरली नव्हती आणि वस्ती आधीच गावांच्या शिवारात पसरू लागली होती, त्यामुळे कधी ना कधी हद्द वाढवावी लागणारच होती, ही समर्थकांची बाजू खरी आहे. मात्र क्षेत्र एकदम पाचपटींहून अधिक वाढवताना तितक्या लांबवर जलवाहिनी, ड्रेनेज आणि दिवे पोचवण्याची ताकद आहे का, हा प्रश्न त्याहून खरा होता. त्याचे उत्तर ‘हद्दवाढ’ या शब्दाच्या प्रवासातच दिसते. कागदोपत्री ती एकदाच घडलेली प्रशासकीय क्रिया. सोलापुरात मात्र ते ठिकाणाचे नाव झाले. जुळे सोलापूरसारखा गजबजलेला परिसरही तीन दशकांनंतर ‘हद्दवाढ भाग’ म्हणूनच ओळखला जातो. घरपट्टी शहराची आणि ओळख हद्दवाढीची, ही तिथल्या रहिवाशांची तक्रार रास्त आहे.

यानंतरचे दशक अधिक बोलके आहे, कारण 2001 आणि 2011 या दोन्ही गणना एकाच हद्दीत झाल्या. त्या दहा वर्षांत शहर जेमतेम 9 टक्क्यांनी वाढले, जिल्हा 12 टक्क्यांनी, तर राज्य जवळपास 16 टक्क्यांनी. ज्या शहराने 1877 च्या जुन्या मिलपासून कापडगिरण्यांच्या आणि मागांच्या जोरावर तेलंगणातून, कर्नाटकातून माणसे आणली, ते आपल्याच जिल्ह्याच्या मागे पडले होते. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमागांवरचे काम आटले आणि शिकलेली मुले पुण्याला गेली. 44 टक्क्यांचे कौतुक करताना नेमकी हीच गोष्ट नजरेआड होते.

आता तोच गुंता उलट बाजूने येतो आहे. 2006 मध्ये शहराबाहेर कुंभारीच्या माळावर विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरे उभी राहिली, आणि जानेवारी 2024 मध्ये त्याच परिसरातल्या तीस हजार घरांच्या दुसऱ्या प्रकल्पातली पंधरा हजार घरे तयार होऊन कामगारांच्या हाती आली. येत्या गणनेसाठी प्रशासकीय हद्दी 31 डिसेंबर 2025 रोजी जशा होत्या तशाच धरल्या जाणार आहेत. त्यामुळे पूर्व भागातली भाड्याची खोली सोडून विडी घरकुलात गेलेली, घरातल्यांशी तेलुगूत बोलणारी आणि मांडीवरच्या सुपात तेंदूपाने व तंबाखू घेऊन दिवसभर विड्या वळणारी बाई 2027 मध्ये सोलापूर शहरात मोजली जाणार नाही. तिची नोंद दक्षिण सोलापूर तालुक्यात होईल.