घनाधार पेप्टाइड संश्लेषण

विद्रावकात न विरघळणाऱ्या रेझीनच्या मण्यांवर एकेक ॲमिनो अम्ल जोडत पेप्टाइड, म्हणजे ॲमिनो अम्लांची साखळी, तयार करण्याची पद्धत. रॉबर्ट ब्रूस मेरिफील्ड यांनी ती न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विकसित करून १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांना १९८४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पहिल्या पेप्टाइड संश्लेषणाच्या श्रेयाविषयी मतभेद आहेत. टेओडोर कुर्टिउस यांना १८८१–८२ च्या सुमारास ग्लायसीन या साध्या ॲमिनो अम्लाच्या रौप्य लवणापासून बेंझॉइल-ग्लायसिल-ग्लायसीन मिळाले. पण त्यातील बेंझॉइल गट पेप्टाइड बंध शाबूत ठेवून काढता येत नव्हता. दोन्ही टोके मुक्त असलेले ग्लायसिल-ग्लायसीन एमील फिशर व एर्नेस्ट फूर्नो यांनी १९०१ मध्ये तयार केले, तेही ग्लायसिनाचे वलयी द्विपेप्टाइड अम्लाने उघडून. साखळी पुढे वाढवता येणे हा निकष धरला, तर फिशर यांची बाजू अधिक भक्कम ठरते. सहज काढता येणारा रक्षक गट, म्हणजे नको तेथे जोडणी होऊ नये म्हणून टोक तात्पुरते झाकणारा गट, मात्र बेर्गमान व झेर्वास यांनी १९३२ मध्ये दिला.

आज बहुधा एफमॉक हा रक्षक गट वापरतात. रेझीन डीएमएफ या विद्रावकात सुमारे अर्धा तास फुगवतात. मग २० टक्के पिपरिडीन या अल्कधर्मी द्रवाने एफमॉक काढून मणी नीट धुतात. पिपरिडीन मागे राहिल्यास पुढच्या अम्लाचा एफमॉकही अवेळी निघतो. नंतर ३ ते ५ पट एफमॉक-ॲमिनो अम्ल, एचबीटीयू (अम्ल सक्रिय करणारे द्रव्य) व डीआयपीईए (अल्कधर्मी द्रव्य) घालून अर्धा ते एक तास हलवतात. साखळी सी-टोकाकडून (कार्बॉक्सिल गटाचे टोक) एन-टोकाकडे (ॲमिनो गटाचे टोक) वाढते, कारण एफमॉकसारखा युरेथेन रक्षक गट असलेले एकेरी अम्ल सक्रिय करताना रॅसिमीकरण, म्हणजे रेणूचे आरशातील प्रतिमेसारख्या रूपात बदलणे, कमी होते. सिस्टीन व हिस्टिडीन तरीही जपावे लागतात.

प्रत्येक जोडणीनंतर निनहायड्रिनाची कैसर चाचणी घेतात. मोकळ्या ॲमिनो गटांमुळे मणी निळे झाले तर जोडणी अपुरी आहे, ती पुन्हा करावी. प्रोलिनाचे टोक असे निळे होत नाही. तेथे क्लोरॅनिल चाचणी घेतात. चाचणी टाळून वाचवलेला वेळ शुद्धीकरणात कितीतरी पटींनी भरावा लागतो. ३० घटकांच्या साखळीत २९ जोडण्या असतात. प्रत्येक ९९ टक्के पूर्ण झाली, तर अखंड साखळी सुमारे ७५ टक्के मिळते. ९५ टक्के झाली, तर जेमतेम २३. ॲस्पार्टिक अम्लापाठोपाठ ग्लायसीन असल्यास पिपरिडिनामुळे ॲस्पार्टिमाइड वलय बनते. पिपरिडिनात एचओबीटी हे सौम्य अम्ल मिसळल्यास ते कमी होते.

शेवटचा एफमॉक काढल्यावर मणी डीसीएम या विद्रावकाने धुऊन वाळवतात. ट्रायफ्लुओरोॲसिटिक अम्ल, पाणी व ट्रायआयसोप्रोपिलसायलेन यांच्या ९५ : २.५ : २.५ मिश्रणात २ ते ४ तास ठेवले, की पेप्टाइड रेझीनपासून सुटते व ॲमिनो अम्लांच्या बाजूच्या शाखांवरील बहुतेक रक्षक गटही निघतात. सायलेन हे सुटलेले कॅटायन (धनभारित आयन) टिपते. नाहीतर ते ट्रिप्टोफॅन, सिस्टीन किंवा मेथिओनिनाला चिकटतात. थंड ईथरमध्ये अवक्षेप पाडून सी-१८ स्तंभाच्या एचपीएलसीने (उच्च दाबाच्या द्रव वर्णलेखनाने) शुद्धीकरण करतात आणि वस्तुमानपंक्तीने, म्हणजे रेणूचे वस्तुमान मोजून, ओळख पटवतात.

सुमारे ५० घटकांपुढे या पद्धतीची अडचण वाढते. अशा वेळी साखळीचे तुकडे वेगवेगळे बनवून १९९४ मध्ये मांडल्या गेलेल्या थायोएस्टर–सिस्टीन जोडणीने सांधतात.