"तुम्हाला कुठला ऑटिझम?" या प्रश्नामागचा इतिहास

"अहो, तुम्ही तर नजरेला नजर देऊन बोलताय. नोकरी आहे, लग्न झालंय. तुम्हाला कुठला ऑटिझम?" तिशी-चाळिशीत ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची शंका घेऊन ठाण्या-वाशीतल्या एखाद्या क्लिनिकची पायरी चढणाऱ्यांना हे बऱ्याचदा ऐकावं लागतं. वर चिंतेच्या गोळ्या लिहून मिळतात. माणूस खट्टू होऊन घरी येतो आणि पुन्हा कुणाकडे जात नाही. डॉक्टर मुद्दाम हिणवतात असं मला वाटत नाही. त्यांच्या हाती असलेलं मोजमापच दुसऱ्या कुणासाठी बेतलेलं आहे.

बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली बाल्टिमोरमध्ये ऑटिझम असलेल्या ११ मुलांची वर्णनं छापली. त्यांत ८ मुलगे होते. वैद्यकाच्या नजरेत ऑटिझम म्हणजे लहान मुलगा, हे चित्र तेव्हापासून ठसलं. पुढे १९४९ मध्ये कॅनरनी आईबापांच्या थंड वागण्याकडेही बोट दाखवलं. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने (त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता) १९६४ मध्ये ते खोडून काढलं. तरी "आई नोकरी करते का?" हा प्रश्न आपल्याकडे अजून विचारला जातो. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९८० च्या निकषांनी ऑटिझमला स्किझोफ्रेनियापासून वेगळं काढलं खरं, पण लक्षणं वयाच्या ३० महिन्यांच्या आत दिसायला हवीत अशी अट घातली.

ठाण्याची गोष्ट आणखी वेगळी. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. "याला ठाण्याला भरती करा" हा टोमणा मुंबईभर चालायचा, त्यामुळे खुद्द ठाणेकर मानसोपचाराचं नाव घ्यायलाही कचरत. १९९० मध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था इथेच सुरू केली आणि मन हा विषय हळूहळू नौपाड्यातल्या दिवाणखान्यात आला. मात्र कायदा मागेच होता. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. त्याचं नाव कायद्यात आलं ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने. म्हणजे आज पस्तिशी ओलांडलेला माणूस प्राथमिक शाळेत होता, तेव्हा त्याला ओळखायची व्यवस्थाच नव्हती. प्रगतिपुस्तकात "हुशार आहे, वर्गात मिसळत नाही" असा शेरा यायचा आणि बाई पुढच्या मुलाकडे वळायच्या.

मग आली 'इसा', म्हणजे सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेवरच्या राष्ट्रीय संस्थेने २००९ मध्ये तयार केलेली ऑटिझमची भारतीय मापनपट्टी. तिच्यात ४० मुद्दे: नजर टाळतो का, हसण्याला हसून उत्तर देतो का, एकटाच तेच ते खेळतो का, ऐकलेले शब्द तसेच परत म्हणतो का. प्रत्येकाला वारंवारतेनुसार १ ते ५ गुण आणि बेरीज ७० च्या खाली गेली तर ऑटिझम नाही. आता ऐरोलीच्या आयटी कंपनीतल्या बाईंचा विचार करा. मीटिंगमध्ये समोरच्याच्या भुवयांकडे बघायचं, विनोद झाला की बाकीचे हसले म्हणजे हसायचं, हे त्यांनी वर्षानुवर्षं घोटून घेतलंय. संध्याकाळी लोकलच्या गोंगाटाने डोकं फुटायची वेळ येते, घरी आल्यावर अंधार करून पडून राहावं लागतं. नजरेच्या रकान्यात त्यांना १ मिळतो, कारण अंधाऱ्या खोलीत परीक्षक नसतो.

२०१३ मध्ये अमेरिकन निकष बदलले. शिकून घेतलेल्या सवयींमागे लक्षणं झाकली जाऊ शकतात, हे त्यांत स्पष्ट आलं. आवाज, उजेड, स्पर्श यांचा त्रासही प्रथमच निकषांत बसला. आपल्याकडे मात्र एप्रिल २०१६ च्या राजपत्राने अपंगत्वाच्या दाखल्यासाठी २००९ चीच पट्टी धरली. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत ऑटिझम घेतला, पण दारावरचं माप जुनंच. त्यात एमबीबीएसला मनोविकारशास्त्राचा स्वतंत्र पेपर नसतो, आणि सरकारी बालतपासणीचा कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो.

नवे निकषही बालपणाचा पुरावा मागतातच, म्हणून आईला बोलावलं जातं. सत्तरीच्या आई सांगतात, "लहानपणी काही नव्हतं हो तिला. आमच्याकडे सगळे असेच, तिचे बाबाही तसेच." ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा, हे १९७७ च्या जुळ्यांच्या अभ्यासापासून माहीत आहे. म्हणजे या एका वाक्यावर अर्धा तास विचारपूस व्हायला हवी. फाइलीत मात्र नोंद होते: बालपण सामान्य.