केळीच्या बागेतील बिनतारी नोंदी : पार्श्वभूमी

हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीची भरपाई मुख्यतः नोंदलेल्या तापमानावर ठरते. त्यामुळे जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल आणि चोपडा या केळीच्या पट्ट्यात नोंद कोणत्या ठिकाणी घेतली, हा प्रश्न थेट पैशाचा झाला आहे. बागेतील बिनतारी नोंदींचे तंत्र मात्र विम्यासाठी जन्मलेले नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत धूलिकणाएवढ्या संगणकांची कल्पना मांडली गेली. प्रत्यक्षात काडेपेटीएवढी, दोन पेन्सिल सेलवर चालणारी आणि अवघी ४ किलोबाइट कार्यस्मृती असलेली, आसपासची नोंद घेऊन ती बिनतारी संदेशाने पाठवणारी यंत्रे तयार झाली. २००२ मध्ये मेन राज्याच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर समुद्रपक्ष्यांची घरटी असलेल्या बिळांत आणि आसपास अशी ३२ यंत्रे बसवण्यात आली. इंग्रजीत त्यांना ‘मोट’ म्हणतात. विहिरीवरच्या मोटेशी गल्लत नको म्हणून येथे ‘नोड’ हा शब्द वापरला आहे.

भारतात २००५ मध्ये रेडिओ लहरींचा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला. बागायतीसाठी ही मोठी सोय होती, कारण पाण्याने भरलेल्या रुंद पानांच्या दाटीत २.४ गिगाहर्ट्झचे संदेश लवकर क्षीण होतात. ठिबकवरच्या बागेत मुळाशी वाफसा आहे की नाही आणि पाने किती तास ओली राहिली, हे आता नोडवरून कळू शकते. करपा या पानांवरील बुरशीजन्य रोगाचा अंदाज बांधताना दुसरी नोंद विशेष उपयोगी पडते. काळ्या जमिनीला भेगा पडल्या की ओलावा मोजणारी सळई मातीपासून सुटते आणि आकडा चुकतो, ही अडचण मात्र कायम आहे.

खरा गुंता ‘जाळे’ या शब्दात आहे. दाट पसरलेले आणि एकमेकांना संदेश देणारे नोड म्हणजे जाळे. साधारण २०१७ पासून राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आणि त्यांनाही जाळे म्हटले जाऊ लागले. वास्तविक प्रत्येक केंद्र आपली नोंद मोबाइल सेवेद्वारे परस्पर सर्व्हरकडे पाठवते आणि शेजारच्या केंद्राशी त्याचा काहीही संवाद नसतो. बेटावरच्या प्रयोगाचे सार दाट मोजणीत होते. येथे अनेक गावांना मिळून एकच तापमापक आला. मंडळ हा महसुली घटक आहे, हवामानाचा नव्हे. सातपुड्याच्या पायथ्याला, तापीकाठच्या खोलगट भागात आणि कोरडवाहू कापसाच्या उघड्या रानात एकाच पहाटेचे तापमान सारखे नसते. कडाक्याच्या थंडीत केळीची निसवण, म्हणजे घड बाहेर पडणे, लांबते. अशा वेळी एका अंशाच्या फरकाने केंद्राची नोंद निकषात बसली नाही, तर बागेतले नुकसान कागदावर येतच नाही. खर्च, देखभाल आणि नोंदीत फेरफार होण्याची शक्यता ही मंडळनिहाय निर्णयाच्या बाजूची कारणे होत, आणि ती खोटी नाहीत. शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर बसवलेल्या नोडची नोंद विम्यासाठी ग्राह्य धरावी, असे कोणीही सहज म्हणणार नाही. तरीही त्रयस्थ देखरेखीखाली प्रत्येक मंडळात काही जादा नोड बसवून केंद्राची नोंद पडताळता आली असती.

२०२३ मध्ये केंद्र शासनाने देशव्यापी आराखडा जाहीर केला. त्यात तालुका स्तरावर स्वयंचलित हवामान केंद्र आणि ग्रामपंचायत स्तरावर स्वयंचलित पर्जन्यमापक अशी रचना आहे. गावपातळीवर पाऊस मोजला जाणे कापूस व ज्वारीसाठी महत्त्वाचे आहे. केळीचा दावा मात्र तापमानावर उभा राहतो आणि पर्जन्यमापक तापमान मोजत नाही.