अँटासिड आणि हृदयाच्या ठोक्यांची औषधे

छातीत जळजळले की दोन चमचे अँटासिड घेऊन मोकळे व्हायचे, त्याला कोणी औषधात धरत नाही. हृदयाच्या ठोक्यांवरच्या गोळ्यांना ते आडवे येत असेल, हे फार काळ कळायचा मार्गच नव्हता.

या गोळ्यांत सर्वांत जुना वारसा डिजॉक्सिनचा. विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरांनी फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीचे आपले अनुभव १७८५ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्याच कुळातल्या वनस्पतीतून सिडनी स्मिथ यांनी १९३० मध्ये डिजॉक्सिन वेगळे काढले. दरम्यान १९१५ मध्ये बर्ट्राम सिप्पी यांनी अल्सरच्या रुग्णांना दिवसभर थोड्या थोड्या वेळाने दूध आणि अल्कली, म्हणजे आम्ल शमवणारे क्षार, देण्याची पद्धत मांडली होती. म्हणजे ही दोन्ही औषधे एकाच पोटात जाण्याला पुरेसा अवधी मिळाला. पण डिजॉक्सिन काम करते ते रक्ताच्या एका मिलिलीटरमध्ये नॅनोग्रॅमभर, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाएवढ्या, प्रमाणात. एवढेसे मोजणार कसे?

रेडिओइम्युनोअॅसे ही किरणोत्सर्गी खुणेच्या मदतीने रक्तातले सूक्ष्म अंश मोजणारी पद्धत १९६९ च्या सुमारास डिजॉक्सिनसाठी वापरात आली आणि पडदा उघडला. पहिला धक्का १९७१ मध्ये बसला : एकाच मात्रेच्या, पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्यांनी रक्तातली पातळी कैक पटींनी बदलत होती. मग १९७६ मध्ये अँटासिडची पाळी आली. निरोगी स्वयंसेवकांना डिजॉक्सिनबरोबर अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड किंवा मॅग्नेशियमचे क्षार दिले, तेव्हा लघवीवाटे सापडणारे डिजॉक्सिन साधारण पाव हिश्श्याने घटले, म्हणजे पोटातून ते तेवढे कमी शोषले गेले. उपचाराची पातळी आणि विषारी पातळी यांत मुळातच अंतर थोडे, त्यामुळे ही घट किरकोळ म्हणून सोडता येत नाही.

ठोक्यांवरच्याच सोटालॉल या गोळीचे गणितही असेच. अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचे अँटासिड सोबत घेतले, तर त्याची रक्तातली कमाल पातळी २६ टक्क्यांनी आणि एकूण शोषण २० टक्क्यांनी कमी होते. तेच अँटासिड सोटालॉलनंतर दोन तासांनी घेतले, तर काही फरक पडत नाही. ‘मध्ये दोन तास जाऊ द्या’ हा सल्ला इथला.

पण सगळ्याच औषधांना हा नियम लावला तर फसगत होईल. वॉल्टर फ्राय यांनी १९१८ मध्ये अनियमित ठोक्यांवर वापरलेल्या क्विनिडिनचे उलटे आहे. अँटासिडमुळे लघवी अल्कलीधर्मी झाली की मूत्रपिंडे क्विनिडिन बाहेर टाकायला कुचराई करतात आणि रक्तातली पातळी चढते. खोट पोटात नसून मूत्रपिंडात असल्याने दोन तासांचे अंतर इथे कामाला येईलच असे नाही.

ठोक्यांवरच्याच डोफेटिलाइड या औषधाची तऱ्हा तिसरीच. आम्लच कमी तयार व्हावे म्हणून १९७६ मध्ये आलेले सिमेटिडिन डोफेटिलाइडबरोबर पूर्ण वर्ज्य, कारण सिमेटिडिनमुळे डोफेटिलाइड मूत्रपिंडातून निघायचे अडते. जुने अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचे अँटासिड मात्र डोफेटिलाइडबरोबर चालते.